ठेकेदाराचा माणूस

कुंभारदे, ता. शिंदखेडा, जि. धुळे
३ डिसेंबर २०२४

चि. प्रेमराज भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र रजिस्टर पोस्टानं तुमच्या जळगावच्या ऑफिसवर धाडते आहे. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणता येणार नाही. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. "वहिनी, मीटिंगमध्ये आहे," एवढं ऐकण्यासाठी मी मिरचीचे हात धुऊन फोन लावायचा का?

तुमच्या कंपनीनं गावच्या फाट्यावर मोठा फलक लावलाय. हिरवं पान, त्या पानातून वर आलेली आपल्या वीजकेंद्राची चिमणी, आणि खाली 'कोळशासोबत अमोनिया : स्वच्छ धूर'. पेपरात तुमचा फोटोही आला. हे सगळं तुमच्या देखरेखीखाली चाललंय म्हणे. आई गल्लीभर फोटो दाखवत फिरल्या.

पण गेल्या महिन्यापासून दुपार कलली की केंद्राच्या बाजूनं असा वास येतो की डोळ्यांचं पाणी थांबत नाही. फोटो मिरवणाऱ्या आई आता खोकून खोकून भुईला टेकतात. अंगणवाडीच्या सुनंदाबाईंनी पोरांना दुपारी बाहेर सोडणं बंद केलं. माझी मिरची कांडायची गिरणी आहे, भाऊजी. ठसका म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. तिखट नाकात जातं, शिंक येते, मोकळं होतं. हे तसं नाही. हे घशात नख रोवून बसतं.

आणखी एक. दोंडाईच्याला युरिया नाही. माणसं आधार कार्ड हातात धरून दुकानापुढे उभी, आणि तुमचे टँकर त्या रांगेसमोरून जातात. अमोनियापासूनच युरिया होतो ना? म्हणजे ज्याचं खत व्हायचं ते तुम्ही चुलीत घालता. हे कोणाचं डोकं असं मी विचारणार होते, पण पेपरात लिहिलंय, तुमचंच.

मला नीट समजावून सांगा. आणि मीटिंगमधून नको.

तुमची वहिनी,
कोकिळा


जळगाव
११ डिसेंबर २०२४

तीर्थरूप वहिनींस,
सा. न.

तुमचं पत्र शिपायानं सगळ्यांसमोर आणून दिलं. साहेबाच्या घरून रजिस्टर आलं म्हणून ऑफिसात सगळे हसले. असो.

समजावून सांगतो. कोळसा जळला की त्यातला कार्बन हवेत जातो, कार्बन डायऑक्साइड होऊन. पृथ्वी तापते ती त्यानं. अमोनियात कार्बन नाहीच. नुसता नायट्रोजन आणि हायड्रोजन. भट्टीत लागणाऱ्या उष्णतेचा पाचवा हिस्सा अमोनियानं दिला तर चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइडही पाचव्या हिश्श्यानं कमी होतो. बॉयलर तोच, चिमणी तीच, कामावरची माणसं तीच. केंद्र बंद पाडून हजार घरांच्या चुली विझवण्यापेक्षा हे बरं की नाही? आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. चिमणीत मोजून सांगतो.

आता माझं ऐका. पंधरा वर्षं त्या केंद्राची राख आपल्या छपरावर पडते. वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडते. तेव्हा तुम्ही एक पोस्टकार्ड लिहिलं नाहीत. आम्ही काही सुधारायला निघालो, तर थेट रजिस्टर! मे महिन्यात खानदेश कसा तव्यासारखा होतो ते तुम्ही भोगता. त्यासाठी कोणी काही करायला घेतलं की पहिला दगड घरचाच.

वासाचं म्हणाल तर आधी आपला गोठा बघा. शेणमुतातूनही अमोनियाच सुटतो.

नाना फोनवर का येत नाही? दिवाळीलाही दोन शब्द बोलून उठून गेला. दोंडाईच्याचं कापसाचं जिनिंग चालू आहे ना? थोरल्या भावानं तिथे फिटरचं काम करून माझी फी भरली, हे मी कंपनीत सगळ्यांना सांगतो. त्याला एकदा केंद्र दाखवायला न्यायचंय मला. त्याला सांगा.

तुमचा,
प्रेमराज


कुंभारदे
१८ डिसेंबर २०२४

प्रेमराज भाऊजी,

कोणता गोठा? जनावरं विकून तीन दिवाळ्या झाल्या. परवाच्या दिवाळीत तुम्ही ओसरीवर जेवायला बसलात, तेव्हा रिकामा गोठा तुमच्या पाठीमागेच होता. तुम्ही वळून पाहिलं नाही. ज्याला आपल्या घरचा गोठा रिकामा झालेला दिसत नाही, तो आम्हाला पृथ्वीचं सांगणार!

राखेबद्दल लिहिलं नाही, खरं आहे. लिहायचं कोणाला? तेव्हा आमच्या घरचं कोणी तिथे साहेब नव्हतं.

आता मी काय केलं ते ऐका. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर टँकरवाल्याला गाठलं आणि विचारलं, "दादा, हे कुठून आणता?" तो म्हणाला, "गुजरातहून, खताच्या कारखान्यातून." मी म्हटलं, "तिथे कशापासून करतात?" तो म्हणाला, "गॅसपासून, बाई. मोठाली धुराडी आहेत तिथे." म्हणजे ते करताना धूर निघतोच की. मग तो कोणाच्या नावावर मांडता? मी माझं घर झाडलं आणि कचरा शेजारणीच्या दारात लोटला, तर माझं घर लख्ख. पण गल्लीचं काय? गल्ली तर तीच राहिली ना, भाऊजी?

तुम्ही चिमणीत मोजलं म्हणता. चिमणीच्या बाहेर कोण मोजतं?

तुमचे नाना बरे आहेत. जिनिंगला जातात. तिथे यंत्रांचा आवाज, फोन ऐकू येत नाही. घरी येतात तेव्हा थकलेले असतात.

कोकिळा


जळगाव
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप वहिनींस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी डोकं फिरलं. मग गोठ्याची लाज वाटली. मग दार लावून हिशेब मांडला.

शेजारणीच्या दारातल्या कचऱ्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आमच्याकडे येणारा अमोनिया नैसर्गिक वायूपासून केलेला. एक टन अमोनिया जाळून कोळशाचा जेवढा कार्बन वाचतो, जवळपास तेवढाच तो तयार करताना तिकडे सुटतो. कधी थोडा जास्तच. उन्हाच्या विजेवर केलेला अमोनिया आला तर खरी बचत होईल, आणि त्या दिवसासाठी ही चाचणी, असं आम्ही म्हणतो. पण फलकावर 'त्या दिवसासाठी' असं लिहिलेलं नाही. 'स्वच्छ धूर' लिहिलंय.

दुसरं मी कोणाला बोललो नव्हतो. दुपारी सौरवीज भरपूर असते, म्हणून आमचं केंद्र कमी जोरावर चालवतात. भट्टी थंडावते. मग अमोनिया नीट जळत नाही, आणि नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू तयार होऊ शकतो. त्याला तुम्हाला कळेल असा वास नाही. पण त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे पावणेतीनशे किलो. आमची मोजणी सगळी भट्टी पूर्ण पेटलेली असतानाची आहे. दुपारची नाहीच. मी मोठ्या साहेबांना म्हटलं, दुपारचंही मोजू. ते म्हणाले, "मार्चमध्ये जनसुनावणी आहे. कायमची परवानगी एकदा हातात येऊ दे, मग मोज हवं तेवढं."

तुमच्याकडचा वास चिमणीचा नसावा. चिमणी उंच आहे. टँकर रिकामा केल्यावर नळीत उरलेला वायू तसाच हवेत सोडतात, त्याचा तो वास. मी तिथे जाऊन आलो. गळती झाली की वाजणारा भोंगा तिथल्या लोकांनी काढून ठेवलाय, सारखा वाजतो म्हणून! त्यावर मात्र मी ठणकावून सांगितलं : भोंगा बसेपर्यंत टँकर उतरवणं बंद. साहेब हो म्हणाले. तिथे ठेकेदाराची माणसं असतात. गावातलं कोणी जात असेल तर त्याला तुम्हीही सांगा. अर्थात आता ते बंदच होईल. मी सांगितलंय.

आईला आणि नानाला नमस्कार.

प्रेमराज


जळगाव
१ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप वहिनींस,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. अजून रागावलात का?

काल केंद्रात टँकर उतरवताना गळती झाली, ते कानावर आलं असेलच. घाबरू नका. वारा नदीकडे होता, गावाला धोका नाही. ठेकेदाराचा एक माणूस पोळला, त्याला धुळ्याला नेलंय. त्यानं चष्मा घातला नव्हता, असं केंद्रातून कळलं. पेपरांसाठी निवेदन मीच लिहून दिलं, आज छापून आलंय. तुम्ही वाचालच. या लोकांना कितीही सांगा, तोंडाला गमछा गुंडाळतात आणि निघतात. एकाच्या हलगर्जीपणापायी सगळ्या कामावर बोळा फिरतो. जनसुनावणी तोंडावर आली आहे, आता बोभाटा झाला तर आमची सगळी मेहनत पाण्यात.

आईला सांगा, काळजी करू नको. मी जळगावला सुखरूप आहे. नानाचा फोन बंद येतो आहे, तुम्हीही उचलत नाही. त्याला एक फोन करायला सांगा.

प्रेमराज


सरकारी दवाखाना, धुळे
७ फेब्रुवारी २०२५

प्रेमराज,

तो ठेकेदाराचा माणूस तुमचा भाऊ आहे.

पुन्हा वाचा. रुपचंद. तुमचे नाना. नाव विचारायची तुम्हाला गरज पडली नाही. माणूस पोळला हे कळलं, त्यानं चष्मा घातला नव्हता हे कळलं, आणि त्याला नाव असतं हे कळलं नाही.

जिनिंग गेल्या उन्हाळ्यात बंद पडलं. हे ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागले. मला शपथ घातली. "प्रेमूला सांगू नको. तो तिथे साहेब. साहेबाचा भाऊ पान्हा घेऊन टँकरखाली वाकलाय असं लोकांनी पाहिलं, तर पोराला कसंसंच होईल." दिवाळीत म्हणूनच तुमच्यासमोरून उठून गेले. हाताला अमोनियाचा वास होता. मी शपथ पाळली. तिची किंमत मी इथे बसून मोजते आहे, पण ते माझं मी बघेन.

तुमचं जानेवारीचं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, जाऊ नका. तर हसले. "प्रेमूनी सांगेल शे ना? मंग बंद व्हईच. तो साहेब शे." दुसऱ्या दिवशी गेले. काम चालू. भोंगा नाही. घरी येऊन म्हणाले, आज नाही तर उद्या बसेल. रोज तेच. तुमच्या शब्दावर माझा नवरा रोज त्या टँकरखाली वाकत होता.

बरोबरच्या तोतारामनं मला सांगितलं ते लिहिते. नळीचा जोड फुटला. पांढरा लोट एकदम यांच्या तोंडावर. डोळे धुवायचा फवारा तिथे उभा केलेला आहे, साहेबलोक बघायला येतात म्हणून रंगही दिलाय. तोतारामनं दांडी ओढली, थेंब आला नाही. त्याला पाण्याची जोडणीच केलेली नव्हती. त्यानं यांना खांद्यावर घेतलं आणि पळत पाटाच्या पाण्यात नेऊन घातलं. त्याचेही हात सोलले आहेत. त्याचं नाव तुमच्या निवेदनात हलगर्जीपणा करायलासुद्धा नाही.

उजवा डोळा गेला. डाव्यानं उजेड कळतो, माणूस कळत नाही. घसा आतून भाजलाय, गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे. बोलता येत नाही. माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढतात.

चष्म्याचं सांगते. यांनी ठेकेदाराकडे चष्मा मागितला होता. तो म्हणाला, जळगावहून यायचाय. जळगावहून चष्मा आला नाही. जळगावहून तुमचं निवेदन आलं.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या नातेवाइकानं तो पेपर मोठ्यानं वाचला. यांना दिसत नाही, पण ऐकू येतं. खाली तुमचं नाव होतं.

येऊ नका. आलात तर मी दारातच आहे.

कोकिळा


जळगाव
१२ मार्च २०२५

वहिनी,

कोणत्या तोंडानं नमस्कार लिहू?

मी दोनदा आलो. दोन्ही वेळा तुम्ही दारातून हललात नाही. तुम्ही काही बोलला असतात, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी जिन्यात बसून परत गेलो.

परवा जनसुनावणी झाली. केंद्राच्या फाटकापुढे मांडव, मंचावर जिल्ह्याचे अधिकारी, समोर गावं. कंपनीतर्फे मी बोलायचं ठरलं होतं. नानाचं साहेबांना कळलं होतं, तरी ते म्हणाले, "तूच बोल. जखमीचा भाऊच आमच्या बाजूनं उभा राहिला, तर आणखी काय हवं?" तेव्हा माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चिमणीतून कार्बन डायऑक्साइड पाचव्या हिश्श्यानं कमी झाला, हे खरं आहे. पण अमोनिया करताना तेवढाच तिकडे गुजरातेत सुटला, तो आम्ही धरला नाही. दुपारी भट्टी मंद असताना काय सुटतं ते आम्ही मोजलंच नाही. मोजायचं नाही असं ठरवून मोजलं नाही." साहेबांनी माझा हात ओढला. मी म्हणालो, "टँकर उतरवण्याच्या जागी भोंगा नव्हता. फवाऱ्याला पाणी नव्हतं. चष्मा घातला नव्हता हे वाक्य मी लिहिलं, न बघता, न विचारता. चष्मा दिलेलाच नव्हता." तेवढ्यात माइक बंद केला. उरलेलं मी ओरडून सांगितलं.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. मागच्या रांगेतून कोणीतरी बाई ओरडली, "एवढे दिवस कुठे होतास?" मी खाली बसलो.

मला निलंबित केलंय. परवानगीचा निर्णय लांबणीवर पडला आहे. चाचणी बंद झाली आणि केंद्र पुन्हा पूर्ण कोळशावर. म्हणजे धूर होता तसाच. ठेकेदारानं बायकोच्या नावावर नवी कंपनी काढली असून कामावर तीच माणसं आहेत.

आता वाईट ऐका. सात एप्रिलला धुळ्याला कारखाना निरीक्षकांपुढे चौकशी आहे. कंपनी सांगणार आहे की नळीचा जोड नानानं चुकीचा बसवला. मी तिथे फिरकलो नाही तर निलंबन मागे घेऊ, असा निरोप आलाय. मी त्या निरोप्याला जिन्यावरून खाली ढकलायचा बाकी ठेवला.

वहिनी, मला नानाची माफी मागायची आहे. पाय धरू द्या एकदा. मग तुम्ही म्हणाल ते करीन.

प्रेमराज


कुंभारदे
२४ मार्च २०२५

प्रेमराज भाऊजी,

सभेत मागच्या रांगेतून ओरडले ती मी. वहिनीचा आवाजही तुम्ही ओळखला नाही. पण तुमचं सगळं बोलणं ऐकलं. माइक बंद झाल्यावरचं जास्त नीट ऐकलं.

यांना घरी आणलंय. नळी काढली. आवाज येतो, पण फाटका, कान जवळ न्यावा लागतो. उजेडाच्या बाजूला तोंड करून बसतात. गिरणी मी पुन्हा चालू केली; यांना मिरचीच्या वाऱ्यालाही बसवत नाही, म्हणून ती गल्लीच्या टोकाच्या उखर्डूच्या वखारीत हलवली. राख पूर्वीसारखी पडू लागली आहे. गावातली चार माणसं मला म्हणतात, बघ, तुझ्या बोंबलण्यानं काय झालं, उलट कोळसा वाढला. मी त्यांना म्हणते, कोळशाचा हिशेबही ओकायला लावणार आहे मी, माझ्या गळ्यात अजून जोर आहे. केंद्राच्या चुलीत उद्या अमृत जाळलं तरी मी विचारणार, कुठून आणलं, कोणी उतरवलं, आणि त्याच्या डोळ्यांवर काय होतं.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं, कारण त्यातली माफी त्यांच्यासाठी होती. मग म्हणाले, लिही. जसं बोलले तसं लिहिते आहे, एक अक्षर माझं नाही :

"प्रेमू, माफी मांगाले येऊ नको. मी माफ करसू आनि मना राग उतरी जाई. तो राग माले सात तारीखपावत पाहिजे.

त्या रोजले धुयाले ये. साहेबना मांगे बसू नको, मना बाजूले बस. भोंगा कोनी काढा, फवाराले पानी का नव्हतं, चष्मा कोनी दिधा नही, बठ्ठं सांग. तोतारामनं नाव सांग. जोड मी बराबर बसाडेल व्हता, ते मी सांगसू, जेवढा आवाज शे तेवढामा.

त्या खोटं बोलतीन. मी ऐकसू. माले दिसाव नही, म्हनीसन त्यासना डोयामा तू देखजो."

कोकिळा